काकडीला भरती येत नाही

दर पौर्णिमेला आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज येऊन पडतो. ‘चंद्र एवढ्या मोठ्या समुद्राला भरती आणतो. माणसाच्या शरीरात 70 टक्के पाणी. मग मनात खळबळ माजणारच! इंग्रजीत वेड्याला ल्युनॅटिक उगाच म्हणत नाहीत.’ परवा तो रत्नागिरीच्या मावशीने पाठवला, म्हणून लिहायला बसलो.

पहिलं वाक्य खरं. दुसरंही जवळपास खरं. मोठ्या माणसात 60 टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, पण दहा टक्क्यांवरून भांडत नाही. घोळ आहे तो ‘मग’ या दोन अक्षरांत.

चंद्राला पाण्याची वेगळी माया नाही, तो खडकालाही तेवढाच ओढतो. भरती येते ती ओढीतल्या फरकामुळे. चंद्राकडच्या बाजूला ओढ जास्त, पलीकडे कमी, आणि मध्ये 12,700 किलोमीटरची पृथ्वी. 3,84,000 किलोमीटरवरच्या चंद्राला तुमचं डोकं आणि तुमचे पाय यांत काय फरक पडणार? अमेरिकेतल्या ग्रेट लेक्ससारख्या अवाढव्य तळ्यांतही ही भरती 5 सेंटिमीटरच्या आतच राहते. विहिरीला भरती आलेली कुणी पाहिलीय? म्हणजे पहिल्या वाक्यातल्या ‘समुद्रा’चं दुसऱ्यात गुपचूप ‘पाणी’ झालं. दोन्ही विधानं खरी, आणि तरी त्यांतून तिसरं निघत नाही. पाण्याच्या टक्क्यांवरच जायचं, तर काकडीत 95 टक्के असतं. पौर्णिमेला कोशिंबीर पिसाळल्याचं ऐकिवात नाही.

बरं, घटकाभर मानू. किनाऱ्यावरची माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची ढोबळ वेळ काढतात. अष्टमीला सहाच्या सुमारास. मावशीलाही हे येतं. भरती दिवसातून दोनदा येते, सुमारे 12 तास 25 मिनिटांच्या अंतराने. उधाण जसं पौर्णिमेला, तसंच अमावास्येला. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यात कमी चढणारी भरती. मग मनाची खळबळ रोज दोन वेळा का नाही? मेसेजला फक्त पौर्णिमाच का आठवते?

ल्युनॅटिक शब्द चंद्रावरून आला, हे खरंच. पण त्यातून जुन्या लोकांची समजूत कळते, एवढंच. मलेरिया म्हणजे मूळ इटालियनमध्ये ‘वाईट हवा’. 1897 मध्ये सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना त्याचे जंतू डासाच्या पोटात सापडले. शब्द मात्र अजून तोच.

‘दवाखान्यातल्या लोकांना विचारा, पौर्णिमेला गर्दी वाढते’ असं खाली कुणीतरी लिहितंच. गर्दीची रात्र असली की माणूस खिडकीतून चंद्र बघतो. शांत पौर्णिमा कोण लक्षात ठेवतो? वर्षभराची वही काढा, दोन्ही पंधरवडे मोजा, मग बोलू.

एक मात्र कबूल. युक्तिवाद फसला म्हणून निष्कर्ष खोटाच ठरतो, असं नाही. लख्ख चांदण्यात कुणाची झोप उडत असेल, तर तो उजेडाचा प्रश्न झाला. त्याची तपासणी वेगळी. त्यात भरतीचं काही काम नाही.

हे सगळं मावशीला पाठवलं. तिचं उत्तर आलं: ‘आज पौर्णिमा ना, म्हणून एवढा चिडलायस.’