आजार म्हणजे पापाचे फळ, असे सगळे धर्म म्हणतात?

‘कुठलाही धर्म घ्या. मृत्यू ही पापाची शिक्षा, आजार हे पापाचे फळ, आणि श्रद्धा पक्की असेल त्याला औषध लागत नाही. सगळे धर्म एकच सांगतात, म्हणजे ते खरेच असणार.’ अशा आशयाचा मजकूर सतत पुढे ढकलला जातो. ज्या घरात कुणी अंथरुणाला खिळलेले आहे, त्या घरातही तो पोहोचतो. तिथे त्याचा अर्थ एकच होतो: तुमच्या माणसाने काहीतरी केले असणार. म्हणून यातल्या एकेका विधानाला उत्तर देतो.

पहिले, मृत्यू ही शिक्षा. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात आदामाला ‘तू माती आहेस आणि मातीला मिळशील’ असे सुनावले जाते आणि ख्रिस्ती धर्माचा सुरुवातीचा प्रचारक पौल तर पापाचे वेतन मरण आहे असे स्वच्छ लिहितो. तेवढ्यापुरते विधान बरोबर आहे. पण मेसोपोटेमियाच्या (आजच्या इराकच्या भागातल्या) गिल्गमेश राजाच्या प्राचीन कथेत देवांनी माणूस घडवतानाच मरण त्याच्या वाट्याला दिले आणि जीवन स्वतःकडे ठेवले. त्यात माणसाचा गुन्हा काही नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू लोकांच्या कथेत देव ‘माणसे मरणार नाहीत’ हा निरोप सरड्याच्या जातीतल्या कॅमेलिऑनकडे देतो. तो वाटेत रेंगाळतो, मागून निघालेली पाल मरणाचा निरोप घेऊन आधी पोहोचते. एवढेच कारण.

आणि आपले महाभारत? शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला मृत्यूच्या जन्माची कथा सांगतात. प्राणी मरतच नव्हते, पृथ्वीला भार सोसेना. तेव्हा ब्रह्मदेवाच्या देहातून एक स्त्री निर्माण झाली, तिचे नाव मृत्यू. लोकांना मारण्याचे काम तिला सांगितले, तर ती रडू लागली. लेकरे, तरुण, कुणाचे आईबाप मी कसे नेऊ, असे म्हणत तिने ते काम टाळण्यासाठी एका पायावर उभे राहून तप केले. शेवटी ब्रह्मदेवाने तिला सांगितले की तुझे हे अश्रूच रोग होतील आणि वेळ आली की ते माणसांना नेतील, तुला अधर्म लागणार नाही. या कथेत रोग जन्मतात ते कुणाच्या पापातून नव्हे, मृत्यूच्याच करुणेतून. ही कथा ज्याने एकदा वाचली, तो ‘सगळे धर्म एकच सांगतात’ असे कसे म्हणेल, मला कळत नाही.

दुसरे, आजार हे पापाचे फळ. हे विधान हवेतून आलेले नाही, हे मान्य करायला हवे. बायबलमध्ये मोशेविरुद्ध बोलल्यावर त्याची बहीण मिर्याम हिला कोड फुटते. कृष्णपुत्र सांबाला शापाने कुष्ठ होते. चरकसंहितेतही साथीच्या रोगांमागे दूषित हवा, पाणी, भूमी आणि काळ ही कारणे दिली आहेत, पण त्यांच्याही मुळाशी अधर्म आहे असे म्हटले आहे. म्हणजे हा विचार परंपरांमध्ये आहे. प्रश्न असा की त्याच परंपरांनी त्याला काय उत्तर दिले.

बायबलमधले ईयोबाचे पुस्तक हे या मजकुराला दिलेले जुने आणि सविस्तर उत्तर आहे. ईयोब निर्दोष आहे, हे पहिल्याच ओळीत सांगितले आहे. तरी त्याच्या तळपायापासून टाळूपर्यंत गळवे येतात. तो राखेत बसून खापरीच्या तुकड्याने अंग खाजवतो. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे मित्र येतात, सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसतात (तिथेच थांबले असते तर बरे झाले असते), आणि मग पानेच्या पाने एकच पटवत राहतात: तू पाप केले असणार. शेवटी देव रागावतो तो अलीफज आणि त्याच्या दोन मित्रांवर. तुम्ही माझ्याविषयी खरे बोलला नाहीत, असे तो सुनावतो.

बायबलमधल्याच योहानाच्या शुभवर्तमानात येशूचे शिष्य जन्मांध माणसाकडे बघून विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशूचे उत्तर: याचेही नाही, त्यांचेही नाही. संयुत्त निकाय या बौद्ध ग्रंथात सीवक नावाचा परिव्राजक (फिरता संन्यासी) बुद्धांना विचारतो की सगळे सुखदुःख पूर्वकर्मानेच येते का. बुद्ध आठ कारणे मोजतात: पित्त, कफ, वात, तिन्हींचा संनिपात, ऋतुबदल, स्वतःची हेळसांड, आघात आणि कर्म. आठांपैकी एक कर्म. जे सगळेच कर्मावर ढकलतात ते चुकतात, असेही ते स्पष्ट म्हणतात. अतिसाराने स्वतःच्या घाणीत पडलेला भिक्षू दिसला तेव्हा बुद्धांनी त्याच्या मागच्या जन्माची चौकशी केली नाही. तुझी शुश्रूषा कोण करते, एवढे विचारले, आनंदाकडून पाणी आणवले आणि दोघांनी मिळून त्याला धुऊन खाटेवर निजवले.

तिसरे, श्रद्धा असेल तर औषध नको. इस्लामच्या परंपरेत पैगंबरांचे सांगणे आहे की औषधोपचार करा, म्हातारपण सोडून प्रत्येक रोगावर ईश्वराने उपाय ठेवला आहे. इ.स. ६३९च्या सुमारास सीरियात प्लेग पसरला, तेव्हा खलिफा उमर वाटेतूनच मागे फिरले. ‘ईश्वराने ठरवलेल्या नियतीपासून पळता?’ असे सेनापती अबू उबैदा यांनी विचारले. उमर म्हणाले, होय, ईश्वराने ठरवलेल्या नियतीकडून त्यानेच ठरवलेल्या नियतीकडे. एका बाजूला हिरवी आणि दुसऱ्या बाजूला ओसाड अशी दरी असेल, तर उंट कुठेही चारलात तरी ते त्यानेच ठरवलेले ना? अबू उबैदांची श्रद्धा तसूभरही कमी नव्हती, आणि ते त्याच प्लेगने गेले. बुद्धांना जीवक हा वैद्य होता. ज्यू धर्मशास्त्रात जीव वाचवण्यासाठी शब्बाथ (काम वर्ज्य असलेला आठवड्याचा पवित्र दिवस) मोडावाच लागतो.

राहिले शेवटचे, एकमत म्हणजे सत्य. एकमतच नाही, तर पुढचा युक्तिवाद आपोआप गळतो. ईयोबच घ्या. कुराणात तो अय्यूब होऊन येतो. तिथे मित्रांचा वाद नाही, देवाशी भांडण नाही. तो धीर धरतो, आणि पाय आपट, हे धुण्यासाठी आणि पिण्यासाठी थंड पाणी, असे त्याला सांगितले जाते. एकच माणूस, दोन ग्रंथांत दोन वेगळ्या कथा. दोन्हीकडे त्याच्या आजाराला त्याचे पाप हे कारण नाही.