माझ्याहून एक इंच लहान

माझी उंची पाच फुटाला एक इंच कमी. तो इंच असता तर माझं काय झालं असतं, याचा विचार मी करत नाही. माझ्या वतीने तो करायला वेंगुर्ल्यात पुष्कळ माणसं आहेत. एसटीत वरच्या दांड्याला मी लोंबकळतो आणि बाकीचे त्याला धरतात. लग्नातल्या फोटोत मला मुलांच्या रांगेत बसवतात, आणि मागून कोणीतरी हटकून म्हणतं, "अरे, तो वाढलेला आहे." या सगळ्याची सवय झाली होती. मग बाजारात एका दुकानाच्या माडीवर पूल टेबल आलं.

आमच्याकडे कॅरम घरोघरी. कॅरममध्ये सगळे मांडी घालून बसतात, त्यामुळे तिथे मी कोणाच्याही बरोबरीचा. पूल उभ्याने खेळायचा खेळ, आणि तोही काठी घेऊन. काठीने पांढरा चेंडू मारायचा आणि त्याने बाकीचे चेंडू टेबलाच्या कडेच्या भोकांत, म्हणजे पॉकेटात, घालायचे. ती काठी, म्हणजे मंडळींच्या भाषेत स्टिक, अठ्ठावन्न इंचांची. जगभर बहुतेक ठिकाणी साधारण याच मापाची मिळते. मी एकोणसाठ इंच. पहिल्या दिवशी स्टिक जमिनीवर टेकवून शेजारी उभा राहिलो तर आम्ही भाऊ-भाऊ दिसत होतो. एका इंचाने मी थोरला, तेवढाच मान.

"स्टिक काखेपर्यंत यायला हवी," कोणीतरी म्हणालं. दुसरा म्हणाला, हनुवटीपर्यंत. तिसऱ्याने दोन्ही हात फाकवून छातीवरून माप घेतलं, जणू ब्लाउज शिवायचा होता. माझ्या बाबतीत ती कपाळाच्या वर, भांग पाडतात तिथपर्यंत येत होती. मंडळींनी थोडा वेळ शांतपणे पाहिलं, आणि मग आमचा सहा फूट दोन इंचांचा लंबू म्हणाला, "खेळून तर बघ. सवयीचा प्रश्न असतो." उंच माणसांना हे वाक्य फार आवडतं.

सवय लागली, पण मला नाही. माझ्या मागे उभं राहणाऱ्यांना. स्टिक धरायची तर उजवा हात मागे, डावा टेबलावर. माझी मूठ जिथे आपोआप पडायची तिच्यामागे जवळजवळ दीड फूट लाकूड उरायचं. मी स्टिक मागे ओढली की ते दीड फूट कुणाच्या तरी पोटात जायचं. चहा आणणारा मुलगा तर दारातूनच विचारायचा, "काकांचो नंबर हा काय?" हो म्हटलं की कप जिन्याच्या पायरीवर ठेवून पसार.

पोटांचं एक वेळ ठीक आहे. खरी गोची स्टिकच्या तोलाची. सगळं वजन तिच्या जाड बुडात असतं. बुडापासून साधारण दीड फुटावर ती बोटावर तोलली तर आडवी राहते, आणि धरायचं असतं त्या जागेच्या चांगलं मागे. मी धरायचो जवळजवळ त्याच जागी. त्यामुळे पुढचं टोक मला विचारल्याशिवाय वर उठायचं, आणि पांढऱ्या चेंडूच्या पोटावर लागायची टिप त्याच्या डोक्यावर घसरायची. चेंडू दीड वीत लडबडत जाऊन थांबायचा. त्याला आमच्याकडे 'काकांचा ब्रेक' असं नाव पडलं.

आता खिडकीबद्दल. आठ फुटी टेबलाचा खेळायचा भाग अठ्ठ्याऐंशी बाय चव्वेचाळीस इंच. चेंडू अगदी कडेला चिकटला असेल तर मागे पूर्ण स्टिक मावायला हवी, वर ती ओढायला पाचसहा इंच. म्हणजे खोली चौदा फुटांच्या वर रुंद हवी. माडीवरची खोली तेरा फूट. मालकाने टेबल घेताना टेबल मोजलं, खोली मोजली, स्टिक मोजायची राहिली. दोन्ही बाजूंना छप्पन्न-छप्पन्न इंच जागा उरली. जिन्याच्या बाजूला दार उघडून भागायचं, पण समोरच्या बाजूला चेंडू कडेला गेला की एकच इलाज: खिडकी उघडा. बूड खिडकीबाहेर, खेळाडू आत.

उन्हाळ्यात यात काही वाईट नव्हतं. वारा यायचा. जुलैत बूड पावसात भिजायचं, मूठ सटकायची, आणि टेबलावरच्या हिरव्या कापडावर शिंतोडे आले की मालक फडकं घेऊन धावायचा, कारण ओल्या कापडावर चेंडू चिखलातल्या म्हशीसारखा चालतो. खिडकीबाहेर हातभरावर शेजारच्या घराची गॅलरी. पावसाळ्यात तिथे वहिनी कपडे वाळत घालतात. एकदा मी मोठ्या एकाग्रतेने स्टिक मागे ओढली, पुढे मारली, चेंडू नेहमीप्रमाणे गेला नाही. पण स्टिक आत घेतली तेव्हा तिच्या बुडावर एक झबलं होतं. पिवळं, बदकांचं. ते परत द्यायला कोणी जायचं यावर गेम वीस मिनिटं थांबला. शेवटी मीच गेलो. वहिनींनी झबलं घेतलं आणि दाराआडून विचारलं, "भावजी, जिंकलात काय?"

माडीवरच्या स्टिकचीही एक तऱ्हा. पाच होत्या. चार महिने कोकणातला पाऊस आणि भिंतीला टेकवून ठेवलेलं लाकूड. पाचांतल्या तीन केळ्यासारख्या वाकल्या. स्टिक सरळ आहे की नाही हे टेबलावर लोळवून बघतात. सरळ असेल तर सुरळीत जाते, वाकडी असेल तर टोक डुगडुगतं. आमच्या त्या तिघी लोळताना नमस्कार करायच्या. मला अर्थात त्याच मिळायच्या.

मी स्वतःची स्टिक घ्यायचं ठरवलं. बावन्न इंचांची मिळते, हे मला कळलं होतं. पण ज्या खोक्यातून ती येते त्याच्या चित्रावर पुढचे दोन दात पडलेला एक मुलगा टेबलावर रेलून हसत होता. दुकानदाराने फोनवर विचारलं, "मुलाचं वय काय?" मी म्हटलं, सत्तेचाळीस. थोडा वेळ पलीकडून आवाज आला नाही. मी मोठ्यांची, अठ्ठावन्नची मागवली.

लंबूला हे कळल्यावर त्याने मला धीर दिला. म्हणाला, माणसाची उंची बघू नये, खेळ बघावा. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते झाले, कुठल्याही खेळात वैयक्तिक विश्वविजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय; त्यांनी काय काठीची कुरकुर केली असेल? मी म्हटलं, त्यांच्या खिडकीत झबली नसतील. वाद वाढला. कोणीतरी नियम काढले. पूल खेळाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत स्टिक कमीत कमी चाळीस इंच हवी, जास्तीत जास्त कितीही. म्हणजे लंबूने माडाएवढी आणली तरी चालेल, पण माझ्यावर लक्ष ठेवायला खालची हद्द आहे. तरी हिशेब केला. अठ्ठावन्नमधून चाळीस गेले, अठरा. अठरा इंचांपर्यंत मी कायद्याने कापू शकत होतो.

कोऱ्या स्टिकवर करवत चालवायला धैर्य लागतं. मी मेस्त्रींकडे गेलो. मेस्त्री दारं-खिडक्या करतात, गणपतीत मखरं करतात.

"मेस्त्री, ही सहा इंच कापूक होयी."

त्यांनी स्टिक हातात घेतली, एका डोळ्याने लांबवर पाहिली, नखाने टकटक केलं. "सहाच कशाक?"

मी उंचीचा हिशेब सांगू लागलो, काख, हनुवटी, कपाळ. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "उंची मोजून काठी घेतत ते म्हातारे. वाकसाचो दांडो बसवताना आम्ही माणसाची उंची इचारतव काय? हात बघतव. खेळतंस तसो वाक."

मेस्त्रींच्या बाकड्यावर, भुशाच्या ढिगाऱ्यात, मी वाकलो. चेंडू म्हणून त्यांनी सुपारी ठेवली. "टोक सुपारीक लाव. लागता ना लागता तसा." लावलं. आणि मग त्यांनी खुंटीवरचा ओळंबा काढला, दोरी माझ्या कोपरावर धरली आणि सोडली. पितळी वजन हेलकावे खात माझ्या मुठीपासून चार बोटं मागे स्थिरावलं.

"हात पुढे पडता हा. कोपरापासून सरळ खाली येवक होयो. मूठ माग घे." मी घेतली. दोरी, मनगट आणि मूठ एका रेषेत आली. मेस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढून तिथे खूण केली आणि टेप लावली. मागे अजून चौदा इंच.

माडीवरच्या इतक्या लोकांनी मला डोक्यापासून पायापर्यंत मोजलं होतं, आणि कोपरातून दोरी सोडायचं कोणालाच सुचलं नव्हतं. मी वाकलेलाच राहिलो. बाहेर दोन गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली होती. त्यांच्यातला एक दुसऱ्याला हळूच म्हणाला, "ह्येचा दार करतत काय?"

"सहा कापतंय, आठ ठेवतंय," मेस्त्री म्हणाले. "कापलेला परत जोडूक येणा नाय, ह्या ध्यानात ठेव."

करवत छान चालली. दोन मिनिटं. मग 'खर्रर्र' असा आवाज आला, मेस्त्री मागे सरकले आणि त्यांनी करवतीचा दात बघितला. एक गेलेला. मग मालवणी भाषेची एक पूर्ण सर आली, ती इथे देत नाही. बुडात वजनासाठी लोखंडी बोल्ट होता. "लाकडात लोखंड घालून इकतत मेले!" बुडाचं काळं रबर काढलं, आतल्या बोल्टला लांब चावी हवी, ती सायकलच्या दुकानातून मागून आणली, बोल्ट फिरवून काढला, आणि मग राहिलेलं कापलं.

आता स्टिक बावन्न इंचांची झाली आणि हातात घेतली तर उदबत्तीसारखी हलकी. साधारण स्टिकचं वजन एकोणीस औंस, म्हणजे पाचशे चाळीस ग्रॅमच्या आसपास. मी ती वाण्याकडे नेली. त्याने मिरच्यांची पुडी बाजूला सारून काट्यावर आडवी ठेवली: चारशे दहा. "किलोन इकूची हा काय?" त्याने विचारलं. सगळं बूडच गेल्यामुळे तोलही पुढे सरकला होता. म्हणजे आधी टोक उठायचं, आता टोक झुकायचं. माझ्या आयुष्यात कुठलीच गोष्ट आडवी राहत नाही.

मेस्त्रींनी उपाय शोधला. बंदरावरून रापणीच्या जाळ्याला लावतात त्या शिशाच्या गोळ्या आणायला लावल्या. एका तांडेल काकांनी जुन्या फाटक्या जाळ्याच्या ओंजळभर दिल्या, वर विचारलं, "कसला मासो?" बुडाला गिरमिटाने भोक पाडलं, गोळ्या ठोकून चपट्या करून आत भरल्या, वरून फेविकॉल आणि लाकडाची गुडदी, आणि तेच काळं रबर परत. वाणी, मिरच्या, काटा: पाचशे वीस. स्टिकला दोन दिवस सुक्या बांगड्याचा वास येत होता. मांजर माझ्या मागे माडीपर्यंत आलं.

कापलेला तुकडा मी घरी नेला. टाकवेना. आमच्या जात्याचा खुंटा गेल्या वर्षीपासून हलत होता. आईने तुकडा हातात घेऊन फिरवला, जात्याच्या भोकात बसवून बघितला आणि हातोडीने दोन ठोके दिले. बोल्टच्या जागी पाचर. असा चकचकीत पॉलिश केलेला, निळ्या नक्षीचा खुंटा वेंगुर्ल्यात दुसरा नसेल.

शुक्रवारी संध्याकाळी मी माडीवर गेलो. पाऊस धो धो. चेंडू कडेला होता. चार जण उठून खिडकी उघडायला गेले. मी हात केला. बावन्न आणि मागे ओढायला चार इंच, छप्पन्नला छप्पन्न. खिडकी बंद ठेवून मी खेळलो. मागे कोणाचं पोट नाही, बाहेर झबलं नाही. पांढरा चेंडू सरळ गेला, पाच नंबरचा पॉकेटात पडला, आणि इतकी शांतता झाली की वहिनींच्या गॅलरीतलं बाळ रडलेलं ऐकू आलं. लंबूने टाळी वाजवली, एकच, पण वाजवली. चहावाला मुलगा कप घेऊन थेट टेबलापर्यंत आला.

त्या संध्याकाळी मी सात चेंडूंपैकी सहा घातले. सातवाही कसाबसा गेला. राहिला सगळ्यात शेवटी घालायचा आठ नंबरचा काळा, पॉकेटाच्या तोंडाशी, एक फुंकर मारली तरी जाईल असा. पांढरा चेंडू मात्र टेबलाच्या नेमक्या मध्यावर. मी कडेला रेललो, पाय उचलला, चवड्यावर आलो, स्टिक अगदी टोकाला, काळ्या रबराला धरली. टिप चेंडूपासून पाच इंच अलीकडे. अजून रेललो. एक पाय जमिनीला टेकलेला हवा असा नियम, तो अंगठ्यावर आला. पाच इंच.

"रेस्ट देवा," मी म्हटलं.

रेस्ट म्हणजे हात पोचत नसेल तेव्हा स्टिक टेकवायचा, मान लावलेला दांडा. त्याची पितळी मान मागच्या गणपतीत मखराचा पडदा लावायला गेली होती, ती परत आली नव्हती. दांडा होता, त्याने मालक जळमटं काढतो. लंबू हळूच म्हणाला, "जुन्या स्टिकने पोचला असतास रे."

मी खिशातून फोन काढला. घरी घंटा वाजली. मागे घरघर ऐकू येत होती.

"आई, तो जात्याचो खुंटो... जरा काढून पाठवशील काय कोणाच्या हाती? पाचच मिनटा."

"आधी कुळीथ दळून होवंदेत," आई म्हणाली. "अर्धी पायली रवलेत. तोपर्यंत वाकलेलो रव."