दीड तास नाही ताई, चाळीस मिनिटं

नमस्कार ताई. आमच्या केअर सेंटरबद्दलचा तुमचा रिव्ह्यू वाचला. आधी सॉरी. काकूंना रात्रीची गोळी उशिरा मिळाली आणि मनगटावरच्या ओळखीच्या पट्ट्याची कड लागून कातडी लाल झाली, दोन्ही झालंय, नाकारत नाही, मनापासून माफी मागते. पण तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की यांना स्वतःच्या पेशंटची ओळख नाही, दिवसातून पन्नास वेळा नाव विचारतात, कैद्यासारखा पट्टा बांधतात आणि रविवारी औषध दीड तास उशिरा दिलं. त्यातलं ते "दीड तास" मला चार दिवस झोपू देत नाहीये, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

काकूंच्या गोळीची वेळ साडेसातची नाही, साडेआठची आहे. साडेसात हे हॉस्पिटलच्या डिस्चार्ज पेपरवर होतं, नंतर आपल्या डॉक्टरांनी जेवणानंतर साडेआठ केली आणि त्याच दिवशी तुमच्या घरच्या दादांना व्हॉट्सॲपवर कळवलं, त्यावर त्यांचा अंगठा पण आलाय. गोळी दिली ९ वाजून १० मिनिटांनी. रजिस्टरला वेळ आहे, सही आहे. म्हणजे ४० मिनिटं. चाळीस पण जास्तच आहेत, मान्य, पण दीड तास नाहीत ना!

आता ती चाळीस मिनिटं का गेली ते पण वाचणाऱ्यांना कळू दे. रविवारी तुम्ही काकूंना घरच्या डोहाळजेवणाला नेलं, चांगलंच केलं, आम्हीच म्हटलं होतं न्या म्हणून. पण तिथे फोटोत बरं दिसत नाही म्हणून पट्टा कात्रीने कापला. ८ वाजून २० मिनिटांनी गाडी गेटवर आली, मागे गाड्या हॉर्न देत होत्या म्हणून दादा व्हीलचेअर वॉचमनकडे देऊन तसेच निघाले, आत येऊन परत आल्याची सही केली नाही. इकडे ८ ला ड्युटी बदललेली. रोजच्या सिस्टरची सुट्टी, तिच्या जागी आलेली सिस्टर आठवड्याची नवीन, आणि मावशी पण ब्युरोकडून त्याच दिवशी आलेली. सिस्टरने नियमाप्रमाणे विचारलं, आजी तुमचं पूर्ण नाव सांगा. काकूंनी माहेरचं नाव सांगितलं. अहो त्या कधीकधी तेच सांगतात, आणि मला त्यात काही चूक पण वाटत नाही. पण त्या नावाचं आमच्याकडे कोणीच नाही. आणि त्याच खोलीत काकूंचंच पहिलं नाव असलेल्या दुसऱ्या एक आजी आहेत, वय दोघींचं जवळपास सारखं. फाईलमधला फोटो बघितला तर त्यात अंबाडा आणि आता केस बारीक कापलेले, पॅरालिसिसनंतर (हे तुम्हीच रिव्ह्यूमध्ये लिहिलंय म्हणून लिहिते) चेहरा एका बाजूने उतरलेला. वॉचमन म्हणाला ह्याच त्या आजी, पण वॉचमनच्या सांगण्यावर आम्ही औषध देत नाही. दादांना ८.४० ला आणि ८.४७ ला फोन केला, उचलला नाही, गाडी चालवत असतील. मग तिने इन्चार्ज सिस्टरला बोलावलं, ती ट्रॅफिकमध्ये अडकली, आणि रविवारी संध्याकाळी सिंहगड रोडला काय असतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको, सगळं पुणं पानशेत आणि गडावरून परत येत असतं.

त्या मुलीने अंदाजाने गोळी दिली असती तर बरोबर साडेआठला मिळाली असती आणि तुमचा रिव्ह्यू आलाच नसता. पण शेजारच्या आजींना शुगरची औषधं आहेत. ती काकूंच्या पोटात गेली असती तर? मी हे सेंटर काढायच्या आधी १९ वर्षं वॉर्डात नर्सिंग केलंय, एकाच आडनावाचे दोन आजोबा शेजारी शेजारी, एकाच्या इन्सुलिनची दुसऱ्याच्या दंडाजवळ नेलेली सुई मी स्वतः शेवटच्या क्षणी मागे घेतलीये. हात आजही आठवतो. म्हणून त्या सिस्टरला मी ओरडले नाही, आणि ओरडणार पण नाही, तुम्ही कितीही स्टार द्या.

पन्नास वेळा नाव विचारतात म्हणालात. विचारतो. औषध, इंजेक्शन, रक्त घेणं, फिजिओ, जेवणाचं ताट सुद्धा. ताटाला कशाला विचारता असं वाटेल, पण पॅरालिसिसनंतर ज्यांना गिळायला त्रास होतो त्यांना पाणी पण घट्ट करून द्यावं लागतं, चुकून साधं पाणी गेलं तर ते श्वासनलिकेत जातं, त्यातून न्यूमोनिया होतो. आणि "तुम्ही अमुक काकू ना?" असं विचारलं तर विसराळू झालेली किंवा ऐकू न येणारी माणसं सरळ मान हलवून हो म्हणतात, म्हणून नाव त्यांच्याच तोंडून यावं लागतं. तेही जमत नसेल तर पट्टा आणि फोटो. जन्मतारखेचं म्हणाल तर आमच्याकडे अर्ध्या लोकांची १ जून आहे, शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली. बेड नंबरवर तर विश्वासच ठेवायचा नसतो, आमचे एक आजोबा दुपारी हमखास खिडकीजवळच्या दुसऱ्याच्या बेडवर झोपलेले सापडतात. हे नियम मी घरी बसून नाही काढले. एनएबीएचमध्ये (हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणारी संस्था) पण कमीत कमी ओळखीच्या दोन खुणा जुळवायला सांगतात, डब्ल्यूएचओने २००७ मध्ये पेशंट सेफ्टीचे नऊ उपाय सांगितले त्यात पण हे आहे. आमचं सेंटर एनएबीएच नाहीये, खोटं कशाला बोलू, पण एवढं पाळतो.

तुमचे अमेरिकेतले भाऊ म्हणाले तिकडच्या नर्सिंग होममध्ये पट्टे नसतात. बरोबर आहे त्यांचं. तिकडे बऱ्याच ठिकाणी ते माणसाचं घर समजतात, घरात कोणी पट्टा घालून बसत नाही, म्हणून औषधाच्या चार्टला फोटो लावतात आणि रोजचा ओळखीचा स्टाफ चेहऱ्यावरून पण ओळखतो. मलाही तेच आवडेल. पण माझ्याकडे मावश्या दर दोन महिन्यांनी बदलतात, थांबत नाहीत, पगार वाढवावा तर महिन्याची फी वाढवावी लागते आणि फी वाढवली की त्याचा रिव्ह्यू येतो. २४ बेडचं सेंटर आहे, जागा भाड्याची. तुमचा रिव्ह्यू आल्यावर बघायला येणार होते ती दोन कुटुंबं आलीच नाहीत, फोन पण उचलत नाहीत. जाऊ दे.

आमचं चुकलं ते पण लिहिते. दोघी नवीन एकाच ड्युटीवर नको होत्या, रविवारचं काहीतरी बसवते. फोटो पाच महिने जुना होता, केस कापले तेव्हाच बदलायला हवा होता. मऊ कापडी पट्टे मागवलेत, येतील. बिलात पट्ट्याचे ५० रुपये लागले होते ते पुढच्या महिन्यात वळते करते.

काकूंचा फोटो बुधवारी काढायला घेतला तर चष्म्याशिवाय काढू देईनात. चष्मा त्या दिवशी बहुतेक तुमच्या गाडीत राहिलाय, येताना प्लीज आणा.