‘पोरीच्या गालावर गॅस मारला’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार ताई,

गालावरच्या जन्मजात लाल डागावर लेझर करताना ‘थंड गॅस मारला’, मुलगी घाबरली, सांगूनही तो बंद केला नाही, साधा बर्फ चालला असता, डाग जायच्या ऐवजी काळाजांभळा झाला, मे महिन्यात उपचार न करता परत पाठवलं आणि गॅसचे पैसे वेगळे लावले, असं तुम्ही लिहिलंय. तिच्या फाईलमधलं मी इथे काही सांगणार नाही. उपचाराबद्दल मात्र बोलतो.

तो फवारा बरं वाटावं म्हणून नसतो. आमच्या लेझरचा 595 नॅनोमीटरचा प्रकाश रक्तातलं हिमोग्लोबिन शोषून घेतं, तापतं आणि ती बारीक रक्तवाहिनी बंद पडते. पण वाटेत वरच्या त्वचेतलं मेलॅनिन, म्हणजे कातडीला रंग देणारं द्रव्य, तेही तोच प्रकाश शोषतं, आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीत ते भरपूर. वरचा थर आधी गार केला नाही तर तोच भाजतो, फोड येतात, व्रण राहू शकतो. म्हणून मुलाला सोसत नसेल तर आम्ही लेझरच थांबवतो. नुसता फवारा बंद करून लेझर चालू ठेवत नाही, कोणी कितीही सांगितलं तरी.

बर्फाचं म्हणाल तर तो मिनिटभर धरला की गारवा खोलवर जातो. ज्या वाहिन्या तापवायच्या त्याच गार पडतात, आकसतात. फवाऱ्यातलं टेट्राफ्लुरोइथेन उणे 26 अंशांना उकळतं. सेकंदाच्या काही शतांश भागापुरतं ते त्वचेवर पडतं, उडून जाताना फक्त वरचा पापुद्रा गोठवल्यागत गार करतं, आणि लगेच मागून प्रकाश येतो. दोन्ही एकाच हँडपीसमधून, यंत्रानेच वेळ साधून. (हो, गाडीच्या एसीत असायचा तोच वायू. पेट घेत नाही.) मुलं बहुतेक त्या ‘फिस्स’ आवाजालाच दचकतात, म्हणून आधी हातावर नुसता फवारा मारून दाखवतो.

काळाजांभळा रंग म्हणजे भाजणं नव्हे. वाहिन्यांतून रक्त बाहेर झिरपल्याची ती खूण. साधारण एक ते दोन आठवड्यांत उतरते. फोड किंवा खपली दिसली तर मात्र अपॉइंटमेंटची वाट न पाहता या.

मे महिन्यात परत पाठवलं, तेही याच कारणाने. सुट्टीत कळंगुटच्या वाळूत खेळून रापलेल्या गालावर मेलॅनिन वाढलेलं असतं, तिथे फवाराही पुरा पडेल याचा भरवसा नाही. रंग उतरू दे, तोवर टोपी आणि सनस्क्रीन. गॅसच्या कुपीचे पैसे अंदाजपत्रकात वेगळे दाखवलेले असतात. बिल घेऊन आलात तर काउंटरवर समजावून देतील.