आजवा, पाच मिनिटं

माझा जन्म सुलतानपुऱ्यातला. हे आधीच सांगून ठेवतो, कारण गेल्या रविवारी अख्ख्या बडोद्यात ते एकाही माणसाने मानलं नाही.

वाडा विकून सोळा वर्षं झाली. दांडिया बाजारातली काकू होती तोवर उतरायचं कुठे हा प्रश्न नव्हता. आता काकूही नाही. म्हणून आम्ही तिघं, मी, बायको आणि मुलगी, पुण्याहून अहिंसा एक्स्प्रेसने आलो आणि आयुष्यात पहिल्यांदा बडोद्यात हॉटेलात उतरलो. हॉटेल मुलीने निवडलं. मोबाइलवर फोटोखाली लिहिलं होतं, थीम पार्क पाच मिनिटांवर. पार्क आजवा तलावाच्या बाजूला, हॉटेल हायवेला, मधे बारा-पंधरा किलोमीटर. आजव्याहून इथवर विनातक्रार येणारी गोष्ट एकच, नळाचं पाणी, आणि तेही पाच मिनिटांत येत नसावं.

मी काउंटरवर गेलो आणि माझ्या बालपणीच्या, मांडवीच्या दुकानदारांनी घासूनपुसून दिलेल्या गुजरातीत विचारलं, "भाई, पार्क पांच मिनिट केवी रीते?"

"सर, गाडी से," तो हिंदीत म्हणाला.

"कई गाडी?"

"आपकी."

माझ्याकडे गाडी नाही हे कळल्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मी पटकन शर्टाची बटणं चाचपली. अहिंसा एक्स्प्रेसने आलो होतो म्हणून बोलणं तिथेच थांबवलं.

मग टॅक्सी मागवली. ॲपवर एक मिनिट दाखवत होतं आणि ते खोटं नव्हतं. टॅक्सी समोर दिसत होती. फक्त ती डिव्हायडरच्या पलीकडे होती. ड्रायव्हरने खिडकीतून हात हलवला, मीही हलवला, नात्यातला कुणी बोटीने परदेशी निघाल्यासारखे आम्ही दोघं हात हलवत राहिलो. त्याला पुढच्या चोकडीपर्यंत, म्हणजे चौकापर्यंत, जाऊन वळून यायचं होतं. त्याने विचार केला आणि राइड कॅन्सल केली. दुसऱ्यानेही तेच केलं. हा रस्ता आता ४८ नंबरचा, आम्ही अजून आठ नंबरच म्हणतो. नंबर बदलला, रुंदी वाढली, सर्व्हिस रोड आला. माणसाने पायी पलीकडे कसं जायचं ते काही मला दिसलं नाही. एक म्हैस मात्र आमच्यासमोरून शांतपणे गेली. तिला कुठेतरी फट माहीत होती. बायको म्हणाली, "तिला विचार, ती हिंदीत नाही बोलणार."

साडेदहा वाजले होते आणि मे महिना होता.

तेवढ्यात काका आले. पांढरी पँट, पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी, पिशवीतून डोकावणारी दुधी. आमचं मराठी ऐकून ते सर्व्हिस रोडच्या कडेला थबकले.

"मराठी के?"

"हो. आम्ही इथलेच. सुलतानपुरा."

"हं," काका म्हणाले. "पहिल्यांदाच आलात बडोद्याला?"

मी परत सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि बायकोला म्हणाले, "गाव सरस आहे. आवडेल तुम्हाला." मग आमच्या हातातली पोहण्याच्या कपड्यांची पिशवी बघून कुठे निघालात, ते विचारलं. आजवा म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला.

"तिकीट काढून भिजायला? असं करा ने, कमाटी बागेत जा. महाराजांनी बाग कुठे केली? विश्वामित्रीला लागून, गावात! स्टेशनवरून माणूस चालत जाईल. १८७९. हायवेवर नाही केली. आणि म्युझियममध्ये देवमाशाचा सांगाडा आहे, तुम्ही बघितला नसेल."

तो सांगाडा मी निदान चाळीस वेळा बघितलाय. पाव्हणा आला की त्याला देवमासा दाखवून आणायचं काम घरातल्या सगळ्यात रिकाम्या मुलाकडे असे, आणि तो मी होतो. शाळा सुटल्यावर चणे खात त्या बागेत चालत जायचो हेही मला सांगायचं होतं. पण काकांनी हात आडवा करून एक शटल रिक्षा थांबवलीसुद्धा.

"बसा. आजवा चोकडीला उतरा, तिथून आजव्याची दुसरी मिळेल. एकदम सहेलं आहे. मी त्याच बाजूला जातोय."

आत आधीच तिघं बसले होते. आम्ही तीन, काका आणि दुधी धरून आठ झालो. काका ड्रायव्हरशेजारी अर्धे बाहेर बसले, मान मात्र पूर्ण आमच्याकडे वळवून, आणि मुलीला विचारलं, "तुला सयाजीराव महाराज राजे कसे झाले माहीत आहे?"

तिला माहीत नव्हतं. ही माझी चूक, मान्य आहे.

काकांनी आधीच्या राजाला, मल्हाररावांना, गादीवरून उतरवण्यापासून सुरुवात केली. इंग्रज आले, चौकशी झाली, १८७५ साल उजाडलं. गोल्डन चोकडी मागे पडली. महाराणी जमनाबाईंनी दत्तक घ्यायचं ठरवलं. मग नाशिककडचं कवळाणा गाव, शेतकऱ्याची पोरं, त्यातला बारा वर्षांचा गोपाळ. काका सावकाश सांगत होते, खड्डा आला की थांबत होते, खड्ड्यानंतर शेवटचं वाक्य पुन्हा घेत होते. पोरांना विचारलं, तुम्ही इथे कशाला आलात? एक म्हणाला असं, दुसरा म्हणाला तसं. "आणि गोपाळ काय म्हणाला असेल?"

"काका, ती आजवा चोकडी होती का?" मी विचारलं.

"हो, तीच. ऐका तर. गोपाळ म्हणाला..."

"काका, आम्हाला तिथे उतरायचं होतं!"

ड्रायव्हर वेग कमी करत होता. काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "चालवा दे भाई. वात पूरी थवा दे." गोष्ट पुरी होऊ दे, म्हणे. मग मुलीकडे वळून, हवी तेवढी शांतता मिळेपर्यंत थांबून म्हणाले, "मी राज्य करायला आलोय!"

मुलीने टाळ्या वाजवल्या. आम्ही वाघोडिया चोकडीला पोचलो होतो.

तिथे मला राग आला. खरंच आला. पण काका आधीच उतरून ड्रायव्हरला पैसे देत होते, त्यांचे आणि आमचे. मी खिशात हात घातला तर त्यांनी मनगट पकडलं. वय झालेल्या माणसाची पकड एवढी घट्ट असेल असं वाटलं नव्हतं. "नाही हां. बहारगावचे पाहुणे तुम्ही." मग समोरच्या रिक्षावाल्याला हाक मारून ओरडले, "महेमान छे, आजवा लई जा, वधारे ना लेतो!" निघताना मुलीला सांगितलं, संध्याकाळी सेव-उसळ खा, आणि वरची लाल तरी जास्त मागायला लाजू नकोस, म्हणायचं, तरी वधारे आपजो. दोनदा म्हणून घेतलं तिच्याकडून.

माझ्या गावात माझे पैसे दुसऱ्याने भरले. लहानपणी हेच मी पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना करायचो. त्यांना तेव्हा काय वाटत असेल हे मला त्या रिक्षात कळलं, आणि ते कळण्यासाठी तीनशे रुपये पडले, कारण रिक्षावाल्याने काका गेल्यावर मीटर बंद केलं. मी गुजरातीत भांडलो. तो हिंदीत जिंकला.

बारा वाजून दहा मिनिटांनी आम्ही दारात होतो. पाच मिनिटांवरचं पार्क, एक तास चाळीस मिनिटं. दारावर पिशवी तपासली आणि लीलो चेवडो, बडोद्याचा ओला चिवडा, बाजूला काढला; बाहेरचं खायला मनाई. तो मी हॉटेलातून निघताना मुद्दाम घेतला होता. पाटीवर तसं लिहिलंच होतं, त्यामुळे बोलण्यासारखं काही नव्हतं, तरी बोललो. आतलं काही सांगण्यासारखं नाही. पाणी होतं, मुलगी खूश होती, बायको सावलीत झोपली.

परत आल्यावर संध्याकाळी हायवेच्याच एका गाडीवर सेव-उसळ खायला थांबलो. मी तीन प्लेट मागितल्या, अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून, सुलतानपुऱ्याच्या गुजरातीत.

"सर, तीखा चलेगा?" गाडीवाला म्हणाला.

मी मान हलवली. मुलीने बशी पुढे केली. "भाई, तरी वधारे आपजो."

त्याने डाव बुडवून लाल तरी तिच्या पावावर ओतली. "ले बेटा. क्यांनी छे तुं, वडोदरानी?"

"हो," ती म्हणाली. "हे पुण्याहून आलेत."