काच खाली करा, बोलून घेऊ

कोकणातल्या रस्त्यावर कुणी तुमच्या अंगावर गाडी घातली, पुढे नेऊन आडवी लावली आणि दार उघडून बाह्या सरसावत तुमच्याकडे यायला लागला, तर सगळ्यात आधी काच खाली करा. पूर्ण खाली. अर्धीच ठेवलीत तर त्याला तुमची कॉलर धरताना त्रास होतो, आणि आल्यागेल्याला त्रास देणं आपल्या कोकणी संस्कारात बसत नाही.

मग त्याच्या डोळ्यांत बघा. काही लोक सांगतात की नजर टाळा, दारं लॉक करा, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि निघायला फट शोधा. असले सल्ले देणारी माणसं रोज संध्याकाळी धडधाकट घरी येऊन जेवायला बसतात, त्यांच्या आयुष्यात सांगण्यासारखं काही घडत नाही. तुम्ही थेट विचारा, "काय प्रॉब्लेम आहे तुझा?" या प्रश्नाला कुणी "दादा, रात्रभर झोप नाही आणि बायकोशी भांडण झालंय" असं खरं उत्तर दिल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. पण विचारायला काय जातं? दात जातात, फार तर दोन.

यानंतर "मी कोण आहे माहितीये का?" हा प्रश्न दोघांनी एकदमच विचारायचा असतो. सिंधुदुर्गात त्यात एक मोठी अडचण आहे. समोरचा जवळपासचाच निघाला तर त्याला खरोखर माहीत असतं. "तू वरच्या वाडीतल्या मास्तरांचो झील मां?" एवढं तो म्हणाला की भांडणाची सगळी हवा जाते, आणि वर त्याच्या घरच्या सत्यनारायणाचं आमंत्रण घेऊन परतावं लागतं. म्हणून आधी नंबरप्लेट बघून घ्यावी. एमएच ०७ असेल तर आपली शक्ती वाया घालवू नका.

भांडायला योग्य माणूस मिळणं पूर्वी अवघड होतं. आता तो तयार करून पाठवण्याची सोय झाली आहे. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाला २०११ साली सुरुवात झाली. त्या साली जन्मलेल्या पोरांना मिशा फुटायला लागल्या. महामार्गाचा नंबर मात्र १७ चा ६६ झाला, म्हणजे रुंदी नाही तरी आकडा वाढला. डोंबिवलीहून रात्री नऊला निघालेला माणूस वडखळला पहिली शिवी देतो, माणगावच्या बाजारपेठेत त्याचा शिव्यांचा साठा संपतो. कशेडीच्या बोगद्याने घाटातली वळणं वाचवली हे खरं, पण तिथे वाचलेली मिनिटं पुढे कुठल्यातरी डायव्हर्जनवर व्याजासकट वसूल होतात. गणपतीच्या दिवसांत तर विचारूच नका. कणकवलीच्या आसपास गुळगुळीत काँक्रीट लागतं तोवर त्याच्या पोटात बारा-चौदा तासांची धूळ गेलेली असते. कंत्राटदार त्याला भेटत नाही. मंत्री पाहणी दौरा आटोपून केव्हाच परतलेले असतात. खड्ड्याला शिवी दिली तर खड्डा ऐकून घेतो आणि पुढचा खड्डा समोर करतो. अशा वेळी चाळीसच्या स्पीडने, मागच्या सीटवर म्हातारी आई बसवून, तुम्ही त्याच्या पुढे जात असता. ज्याला ऐकू येतं, जो घाबरतो आणि जो हाताशी सापडतो, असा या सबंध प्रकल्पातला त्याला भेटलेला पहिला माणूस तुम्हीच. त्याची निराशा करू नका.

हायवे सोडून गावात शिरलात की लढाईचा प्रकार बदलतो. दोन्हीकडे चिऱ्यांचे गडगे, मधे एक गाडी जेमतेम मावेल एवढी वाट, आणि समोरून दुसरी गाडी. आता मागे कोण घेणार? गावातल्या माणसांना स्वाभिमान म्हणजे काय हे ठाऊक नसल्यामुळे ज्याच्या मागे रुंद जागा जवळ असेल तो मुकाट रिव्हर्स घेतो, आणि दुसरा जाताना स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलतो. संपला विषय. चढावर येणाऱ्या गाडीला उतरणाऱ्याने वाट द्यावी, असं २०१७ च्या ड्रायव्हिंगच्या नियमावलीत छापूनही ठेवलंय. छापू द्या. तुम्ही हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करा आणि मोबाइल काढून बसा. समोरच्यानेही तेच केलं तर अर्ध्या तासात तुमच्या मागे तीन रिक्षा आणि माशांचा एक टेम्पो जमतो. टेम्पोतल्या बर्फाचं पाणी गडग्याच्या कडेने वाहायला लागलं की समजावं, प्रकरण रंगात आलं. बांगडा कुणाचा नासला हा प्रश्न गौण आहे.

हॉर्नविषयी फार लिहीत नाही. वेगवेगळ्या सुरांत वाजणारे हॉर्न कायद्याने बंद आहेत, त्यामुळे ते बसवून घेण्यात एक वेगळाच मान आहे.

आता एवढं सगळं सांगणारा स्वतः काय करतो, असं कुणी विचारण्याआधी माझी फजिती सांगून टाकतो.

गणपतीला चार दिवस होते. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरची तपासणी करून कणकवलीहून येत होतो. कसालला हायवे सोडला आणि मालवणच्या रस्त्याला लागलो. आई मागे. डोळ्यांवर तो दवाखान्यात देतात तसला सगळ्या बाजूंनी बंद काळा चष्मा, मांडीवर औषधांची पिशवी, पायाशी माटवीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या चौकटीला, बांधायची रानफळं, कवंडळं. मागून एक काळी उंच गाडी आली आणि डिपर मारायला लागली. पुढे वळण होतं, समोरून चिऱ्यांनी भरलेला ट्रक येत होता. साइड दिली असती तर ती सरळ त्या ट्रकच्या तोंडातच दिली असती. म्हणून दिली नाही. अर्धा मिनिट, जास्तीत जास्त. एवढाच माझा अपराध.

वळण संपल्यासंपल्या तो घासून पुढे गेला, ब्रेक मारला आणि गाडी तिरकी लावली. माझी गाडी बंद पडली. पडली म्हणजे क्लचवरचा पाय सुटला. पाय माझाच होता, पण थरथर कुणा दुसऱ्याची त्यात सोडल्यासारखी वाटत होती. तो उतरला आणि त्याने बॉनेटवर दोन थापा मारल्या, बाजारात म्हशीच्या पाठीवर मारतात तशा. मी गाडी चालू करायला गेलो तर हात लागला वायपरला. लख्ख ऊन, कोरडी काच, आणि वायपर खर्रर्र खर्रर्र करत फिरायला लागले. दर फेरीला तो पुसला जायचा आणि पुन्हा तिथेच उभा असायचा. हे त्याला मुद्दाम केल्यासारखं वाटलं असावं. तो माझ्या बाजूला आला आणि बोटातल्या जाड अंगठीने काचेवर टकटक करायला लागला. शेजारी दुपारचा दार वाजवतो तशी टकटक, फक्त उघडल्यावर चहा मागणार नव्हता. काच बंद असल्याने शब्द पोचत नव्हते, आशय पोचत होता.

"कोण रे तो?" आई मागून म्हणाली. "काच खाली कर, मी बोलतंय तेच्याशी."

"आये, गप रव."

"वळखीचो आसा?"

"नाय."

"मगे इतको कित्याक ठोकता?"

यावर मी काय सांगणार? माझी नजर त्याच्याकडे नव्हती, ती मी शहाणपणाने नव्हे तर भीतीने टाळली होती. मी पुढे बघत होतो, आणि पुढे त्याच्या गाडीच्या मागच्या काचेला नाक चिकटवून पाच-सहा वर्षांची एक मुलगी आमच्याकडे बघत होती. हातात कागदाचं भिरभिरं. गाल फुगवलेले होते, पण फुंकर मारायची राहून गेली होती.

तेवढ्यात मागे मालवणची एसटी येऊन थांबली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला नाही, इंजिनच बंद केलं. ती शांतता फार मोठी होती. कंडक्टर उतरला, गळ्यात तिकिटाचं मशीन, आधी कडेला पान थुंकून आला.

"काय झाला? गाडी लागली?"

"लागली नाही, पण हा माणूस..."

"लागली नाय ना? मगे गाडी बाजूक घेवा. माका पाचाची फेरी धरूची आसा."

एसटीतून एकेक जण खाली यायला लागलं होतं. मासळीच्या टोपल्या विकून घरी निघालेल्या दोघी, शाळेची पोरं, छत्रीवाले एक आजोबा. कुणी हात उगारला नाही, कुणी आवाज चढवला नाही. सगळे नुसते उभे राहून त्याला बघायला लागले. त्या दोघींपैकी एकीने दुसरीला विचारलं, तेही हळू नव्हे, "ह्यो कोणाचो गो?"

या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. इतक्या वेळात तोच मला हे विचारत असणार, मी कोण आहे माहितीये का. इथे दहा-बारा माणसं खरोखरच जाणून घ्यायला उभी होती आणि त्याला काही सांगता येईना. "समजावा ह्यांना जरा" असं कंडक्टरला म्हणून तो गाडीत बसला आणि गेला. एसटीने मला आधी जाऊ दिलं. पुढचे तीन किलोमीटर माझे वायपर चालूच होते.

माझ्या चुका लक्षात आल्या ना? काच उघडली नाही, उतरलो नाही, डिकीतला जॅकचा रॉड काढला नाही. परिणाम असा की आज माझ्याकडे दाखवायला एक जखम नाही, कोर्टाची एक तारीख नाही. लोक मोबाइलवर व्हिडिओ दाखवतात, मी कवंडळं दाखवतो.

तुम्ही असं करू नका. ११२ तर मुळीच फिरवू नका. पोलिसांसाठी तो एकच नंबर लक्षात ठेवायचा असतो, आणि इतक्या सोप्या गोष्टीत पुरुषार्थ कसला? कुणी मागे लागलाच तर काही भेकड लोक घराकडे न वळता गाडी पेट्रोल पंपावर, भरल्या बाजारात नाहीतर पोलीस ठाण्याच्या दारात नेतात. तुम्ही त्याला थेट घरी न्या. एकदा घर कळलं की पुढच्या वेळी त्याला तुम्हाला शोधत हायवेवर फिरायला नको.

तक्रार देणारेही असतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यात बेदरकार गाडी हाकण्याला कलम २८१ आहे, वाट अडवण्याला १२६, धमकीला ३५१. झीरो एफआयआर असल्यामुळे "हे आमच्या हद्दीत येत नाही" म्हणायचीही सोय उरली नाही, एका ठाण्याच्या हद्दीत घडलेलं दुसऱ्या ठाण्यात नोंदवता येतं. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ आहेच, धोकादायक गाडी चालवल्याबद्दल पहिल्या खेपेला सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा एक ते पाच हजार दंड, किंवा दोन्ही. इतकी कलमं हाताशी असताना माणसाने जॅकच्या रॉडवर भिस्त का ठेवू नये, हे मला कळत नाही. रॉड बाहेर आला की कलमं तुमच्या दिशेने सरकायला लागतात, एवढी एक किरकोळ गैरसोय सोडली तर.

मी नंबर टिपला का? टिपला. औषधांच्या पिशवीवर, पुढे गेल्यावर गाडी कडेला घेऊन, उडत्या हाताने. अक्षर असं आलं आहे की ते वाचलं तर केमिस्टच वाचू शकेल, आणि तोही त्यातून डोळ्यांत घालायचे थेंब देईल.

दुसऱ्या दिवशी आई देवळात जाऊन आली म्हणायची, पण एकटी गेली नाही, मलाही घेऊन गेली. नारळ ठेवला. गाऱ्हाणं घालणाऱ्याच्या कानात ती बराच वेळ काहीतरी सांगत होती. आता त्या काळ्या गाडीवाल्याचं काय होणार, या विचाराने मला मनातून बरं वाटत होतं. आमच्या देवाचा हात जड आहे अशी ख्याती आहे. गाऱ्हाणं सुरू झालं.

"बा देवा म्हाराजा! काल तुझ्या ह्या लेकराक वाटेत जो कोण आडवो इलो, तेका घराक सुखरूप पोचव म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"तेच्या चेडवाचो सांभाळ कर म्हाराजा! ता भियालला!"

"होय म्हाराजा!"

मी आईकडे बघितलं. त्या काळ्या चष्म्यातून तिला मागच्या काचेतली ती घाबरलेली मुलगी तेवढी दिसली होती. तिने हात जोडलेलेच ठेवले आणि गाऱ्हाणेकऱ्याला कोपराने ढोसलं, राहिलंय म्हणून.

"आणि ह्या झिलाक," तो माझ्याकडे वळून म्हणाला, "वायपर खयसून बंद करतत, ता शिकव म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" मागून चार-पाच जण ओरडले, मी धरून.