तोल सांभाळायचा तर एका दिवसाचं शिबिर पुरत नाही

बापूचा बेत पक्का होता. समाजमंदिरात ज्येष्ठांसाठी शिबिर घ्यायचं. हाडांची मोफत तपासणी, म्हातारपणी पडू नये म्हणून काय करावं यावर डॉक्टरांचं तासभर भाषण, काठ्या-वॉकरचं वाटप, शेवटी चहा-बिस्किटं. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या आमच्या कट्ट्यावर त्यानं हे सांगून वर्गणीचा विषय काढला, तेवढ्यात फिजिओ म्हणाली, "बापू, या शिबिरानं एकही म्हातारं माणूस पडायचं थांबणार नाही."

ती फिजिओथेरपिस्ट, म्हणून कट्ट्यावर सगळे तिला फिजिओच म्हणतात. खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेल्यांना पुन्हा उभं करणं हे तिचं रोजचं काम, त्यामुळे या विषयावर ती गप्प बसणं शक्यच नव्हतं.

"का ओ? माहिती मिळाली तर लोक जपून चालतील की," बापू म्हणाला.

"जपून चालायला पायात ताकद लागते. ती भाषण ऐकून येते का?"

मग ती आकड्यांवर आली. जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसं पडून दगावतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यात साठीपुढची सर्वांत जास्त. यावर उपायांची कमतरता नाही. कॉक्रेन ही वैद्यकीय संशोधनं एकत्र करून तपासणारी संस्था. तिच्या २०१९ सालच्या आढाव्यात लोकांवर केलेल्या १०८ चाचण्या तपासल्या होत्या, त्यात व्यायामानं पडण्याचं प्रमाण साधारण २३ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. पण तो व्यायाम तोल सांभाळायला लावणारा हवा, आठवड्याला तीनेक तास हवा, आणि महिनोन् महिने चालू हवा. सोडला की फायदा ओसरतो.

मास्तरांना हे लागलं. ते निवृत्त पीटी शिक्षक, पहाटे होम मैदानावर चकरा मारणं कधी चुकवत नाहीत. "म्हणजे आम्ही इतकी वर्षं चालतोय ते वाया?"

"वाया नाही, मास्तर. हृदयाला, साखरेला चालणं चांगलंच. पण नुसत्या चालण्यानं पडणं कमी होतं असं दिसलेलं नाही. इथंच बघू या का?"

तिनं मास्तरांना कट्ट्याला हात पोचेल असं उभं केलं आणि एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या अंगठ्याला टेकवायला सांगितली. हात मोकळे, नजर समोर. ती स्वतः त्यांच्या मागे उभी राहिली आणि मोजू लागली. चारपर्यंत मास्तर ताठ होते. पाचला घोटा आत-बाहेर थरथरू लागला, खांदे डावीकडे कलले, आणि सातच्या आत त्यांचा हात कट्ट्यावर आला. दहा सेकंदांच्या आत तोल गेला तर पडण्याचा धोका जास्त धरतात, असं तिनं सांगितलं. मास्तर काही न बोलता पुन्हा उभे राहिले आणि दुसरा पाय पुढे घेऊन परत करून पाहिलं. मला त्यांचं हे फार आवडलं.

"मग योगासनं?" त्यांनी विचारलं.

"वृक्षासन भिंतीशी उभं राहून केलंत तर उपयोगी. आडवं पडून प्राणायाम केलात तर तोलाला त्याचा काही उपयोग नाही."

अण्णा इतका वेळ ऐकत होता. त्याचं अख्खं आयुष्य शहराच्या पूर्व भागात गेलं. स्वतः यंत्रमागावर, आई विडीवर. तो म्हणाला, "तुमचं सगळं बरोबर हाय. पण आमच्याकडच्या बायका तुमच्या वर्गाला येणार कधी? हजार विड्यांवर मजुरी. तास गेला की पैसा गेला."

आणि मग त्यानं जे सांगितलं, ते माझ्या मते त्या संध्याकाळचं सगळ्यात मोलाचं होतं. विडी वळणारी बाई मांडीवर सूप घेऊन जमिनीवर तासन् तास बसते. साठीला आली की उठताना आधी हात टेकवते, मग गुडघ्यावर येते, मग भिंत धरते. उठल्या उठल्या डोळ्यांपुढं अंधारी येते, तरी तशीच निघते, कारण नळ आलेला असतो. आपल्या गावात पाणी चार-पाच दिवसांनी, आणि तेही पहाटे-रात्री कधीही. बॅरल, हंडे, घागरी, बादल्या, जे असेल ते भरायचं. बोळात पाइप आडवे पसरलेले, अंगणातली शहाबादी फरशी ओली, मोरीच्या कडेला शेवाळ, उंबऱ्याशी भरलेली कळशी, आणि पायात तळ झिजलेली स्लीपर. "आमच्या गल्लीत म्हाताऱ्या पडतात त्या पाणी आलेल्या दिवशी," अण्णा म्हणाला. "हे तुमच्या पुस्तकात हाय का?"

फिजिओनं मोबाइल काढून हे सगळं लिहून घेतलं. घरातले धोके काढायचे म्हणजे बाथरूममध्ये दांडी बसवा, सैल पायपुसणी उचला, रात्री दिवा ठेवा, एवढं ती सांगत आली होती. पाण्याचं बॅरल कुठं ठेवायचं, हा प्रश्न सोलापुरात सर्वांत आधी विचारायला हवा, हे तिनं लगेच मान्य केलं.

मी वहिनीचा विषय काढला. ती आशा आहे, म्हणजे घरोघरी जाणारी सरकारी योजनेतली आरोग्य स्वयंसेविका. तिच्याकडच्या तपासणी फॉर्ममध्ये साठीपुढच्यांसाठी वेगळे प्रश्न आहेत, त्यातला एक हाच आहे: उभं राहताना किंवा चालताना तोल जातो का? म्हणजे कोण डगमगतंय हे सरकार दारात जाऊन विचारतंय. पण "हो" म्हणणाऱ्या आजींना त्यानंतर पाठवायचं कुठं? जवळपास तोलाचा वर्गच नसेल तर त्या उत्तराचं पुढं काय करणार?

"मग आशाताईंनाच व्यायाम शिकवू दे," बापू म्हणाला.

"अजून एक काम तिच्या डोक्यावर? आणि त्याचा मोबदला?" मी जरा चिडूनच विचारलं. ज्या बाईला कामागणिक मोबदला मिळतो, तिच्याकडून हे फुकट करून घेणं मला पटत नाही. घरं तिला माहीत आहेत, तेव्हा नावं तिनं कळवावीत. वर्ग दुसऱ्या कुणीतरी चालवावा.

फिजिओनं इथं आणखी एक उदाहरण दिलं, आणि ते तिच्याच बाजूला अडचणीचं होतं. अमेरिकेत स्ट्राइड नावाचा मोठा अभ्यास झाला, निकाल २०२० साली आले. ८६ दवाखाने, सत्तरी ओलांडलेले साडेपाच हजारांच्या आसपास लोक. नर्सनं प्रत्येकाचे धोके तपासले, ज्याला जे हवं त्याचा आराखडा करून दिला. तरीही गंभीर दुखापतींमध्ये म्हणावा असा फरक पडला नाही.

"मग झालंच की! एवढं करून तिथं जमलं नाही," बापूनं लगेच पकडलं.

"मला त्यातून वेगळं दिसतं," ती म्हणाली. "आराखडा हातात दिला तरी व्यायाम ज्याचा त्यालाच करावा लागतो. न्यूझीलंडच्या ओटागो कार्यक्रमात शिकवणारा माणूस घरी जायचा, पायाला वजन बांधून व्यायाम करून घ्यायचा, आठवड्यातून तीनदा अर्धा-अर्धा तास करायला लावायचा आणि परत येऊन वाढवून द्यायचा. तिथं पडणं साधारण एक तृतीयांशानं घटलं."

मी फिजिओच्या बाजूचा आहे. आपल्याकडे आरोग्याचं काम म्हटलं की तारीख, मंडप आणि फोटो एवढ्यावरच ते पार पडतं. इथं खरं काम सुरू होतं ते दुसऱ्या महिन्यात, जेव्हा वीसातल्या आठ जणी यायच्या बंद होतात. त्यांच्या दारात कोण जाणार, हे ज्याच्याजवळ ठरलेलं नाही त्यानं सुरूच करू नये.

पण बापूला नुसतं गप्प करणंही बरोबर नव्हतं. त्याच्या मंडळाकडे पोरं आहेत, ड्रिल मशीन आहे, ओळखीचा प्लंबर आहे. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ च्या पुढच्या, कमी उत्पन्नाच्या लोकांना काठी-वॉकरसारख्या साधनांसाठी एकदा ३,००० रुपये मिळतात. ते फॉर्म त्याच्याच पोरांनी भरून दिलेत. फिजिओ म्हणाली, "मग आता काठ्या मापाच्या करून द्या. चप्पल घालून ताठ उभं राहायचं, हात सैल सोडायचा, मनगटाच्या घडीपाशी काठीची मूठ यायला हवी. मी बघते त्यातल्या निम्म्या काठ्या उंच असतात, आणि खालचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं असतं." बापूनं विचारलं, रबर कुठं मिळतं. त्याच्या तोंडून आलेला हा पहिला कामाचा प्रश्न.

भांडण सगळ्यात पेटलं ते घरच्यांवरून. मास्तर म्हणाले, एकदा पडलं की सून-मुलगा म्हणतात, बसा, काय हवं ते आम्ही देतो. अण्णा उसळला: "प्रेमानंच म्हणतात की! पुन्हा पडली तर दवाखान्याचा खर्च कोण करणार?" दोघांचंही खरं आहे. पडायची भीती बसली की माणूस हलत नाही, हललं नाही की मांड्या वाळतात, आणि मग खाटेवरून उठतानाच पडायला होतं. म्हणून सुनेलाही एकदा वर्गात बोलवायचं, सासूबाई काय करू शकतात हे तिनं डोळ्यांनी बघावं, असं फिजिओनं सुचवलं. अण्णाला ते पटलं, पण सून कामावरून सुटणार कधी हा त्याचा प्रश्न राहिलाच.

हळूहळू आकार आला तो असा. पाला-तंबाखू घ्यायला आणि विड्या द्यायला बायका ज्या कारखान्यात जातात, तिथं त्यांना रांगेत थांबावंच लागतं. भिंत धरून टाचा उचलणं, खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं तिथंच दहा मिनिटं करून घ्यायचं, तेही मालकाची परवानगी मिळाली तर. दहा मिनिटांनी तीन तास होत नाहीत, हे फिजिओनं बजावलंच. उरलेलं घरी ओट्याला धरून, चहा उकळेपर्यंत. आठवड्यातून दोन संध्याकाळी समाजमंदिरात पूर्ण वर्ग. मोजणी मास्तर करणार, मागे आधाराला मंडळाची पोरं. ज्यांना चक्कर येते, जे वर्षात दोनदा पडलेत, ज्यांना झोपेच्या किंवा बीपीच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी आधी डॉक्टरांना भेटायचं. गोळी मनानं बंद करायची नाही. मोतीबिंदू पिकलेला असेल तर तो आधी काढून घ्यायचा.

नाव काय द्यायचं यावर फार वेळ गेला नाही. आपण पडणाऱ्यातले आहोत असं कुणालाच वाटत नाही, तेव्हा फलकावर पडण्याचा उल्लेख नको, "पाय मजबूत" एवढंच लिहायचं.

वार मात्र ठरला नाही. अण्णा म्हणाला, पाण्याची पाळी दर वेळी सरकते, वार धरून बसलात तर निम्मे दिवस हॉल रिकामा राहील. त्यानं पाळी बघून आदल्या दिवशी गल्लीत निरोप द्यायचं कबूल केलं. बापूनं तिथूनच समाजमंदिराच्या माणसाला फोन लावून खुर्च्यांचं विचारलं. प्लास्टिकच्या आहेत, असं उत्तर आलं.

"प्लास्टिकच्या नको," फिजिओ म्हणाली, "उठताना त्यांचे पाय फाकतात. लोखंडी बघा, आणि सगळ्या भिंतीला टेकवून ठेवायला सांगा."